व्हॅनिला-कॉफी घातलेली बॅरल-एज्ड स्टाउट: चाखायची कशी, आंबट लागली तर काय समजायचं?

प्रश्न थोडक्यात असा: भावाने शिकागोहून बर्बनच्या (म्हणजे अमेरिकी व्हिस्कीच्या) लाकडी बॅरलमध्ये मुरवलेल्या इम्पीरियल स्टाउटच्या, म्हणजे जोरदार काळ्या बिअरच्या, दोन बाटल्या आणल्या. व्हॅनिला आणि कॉफी घातलेली, ५०० मिली, १४ टक्के अल्कोहोल. पहिली बाटली फ्रिजमधून काढून दोघांनी थेट बिअर मगमध्ये ओतून प्यायली. आधी घशाशी जळजळ, मग अति गोड, शेवटी थोडी आंबट. बाटली खराब होती, की पिण्याची पद्धत चुकली? आणि उरलेली बाटली कशी चाखावी, किती दिवस ठेवावी?

जळजळ हे चुकीच्या तापमानाचं आणि मोठ्या घोटाचं लक्षण आहे, बाटलीचं नाही. अति गोडपणा खरा की व्हॅनिलाने दिलेला भास, हे नाक दाबून घोट घेतला की कळतं. आंबटपणाचं मात्र असं सरळ सांगता येत नाही. तो तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून येऊ शकतो. त्यातल्या दोन जागा निर्दोष आहेत, तिसरी म्हणजे खरोखर बिघाड. कोणता आंबटपणा कुठला, हे दुसऱ्या बाटलीत कसं ओळखायचं ते खाली सविस्तर देतो.

आधी प्रमाणाचं बोलू, कारण निम्मी गडबड तिथेच होते. ५०० मिलीच्या १४ टक्क्यांच्या बाटलीत ७० मिली शुद्ध अल्कोहोल असतं, म्हणजे सुमारे ५५ ग्रॅम. आपल्याकडच्या ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ३० मिली पेगमध्ये साधारण १० ग्रॅम असतं. म्हणजे ही एक बाटली साडेपाच लहान पेगांच्या बरोबरीची झाली. ८ टक्क्यांच्या ६५० मिली स्ट्राँग बिअरपेक्षाही जास्त. दोघांनी ती तहान भागवायला प्यावी तशी अर्ध्या तासात संपवली, तर तिसऱ्या-चौथ्या घोटानंतर जिभेला आणि नाकाला काही कळण्याची शक्यताच राहत नाही. ही बाटली चौघांनी मिळून उघडायची आहे: प्रत्येकाला ६० मिलीच्या दोन फेऱ्या, दीड ते दोन तासांत. गाडी चालवायची असेल त्याने त्या दिवशी यात पडू नये.

ग्लासात नेमकं काय काय आहे

या प्रकारच्या स्टाउटमध्ये चवीचे तीन थर एकावर एक बसलेले असतात: मूळ बिअर, बॅरल आणि वरून घातलेले पदार्थ. कोणती चव कोणत्या थरातून आली हे ओळखता येणं, हेच चाखण्याचं खरं काम. ते जमलं की बिअर चांगली की वाईट हे वेगळं ठरवावं लागत नाही.

मूळ बिअर म्हणजे इम्पीरियल स्टाउट. अठराव्या शतकात लंडनमधून, थ्रेल यांच्या अँकर ब्रुअरीसारख्या ठिकाणांहून, रशियाच्या दरबाराकडे जाणाऱ्या जोरदार काळ्या बिअरशी हिचं नाव जोडलेलं आहे. आज तिच्यात साध्या बिअरच्या दुपटीहून जास्त मॉल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, पडतं. आंबवण्याआधी द्रवाची घनता (पाणी १ धरून) १.०९० ते १.१३०, कधी त्याहूनही वर. आंबवून झाल्यावरसुद्धा १.०३० ते १.०४५ उरते, म्हणजे न आंबलेली साखर आणि डेक्स्ट्रिन (स्टार्चचे तुटलेले तुकडे) भरपूर शिल्लक राहतात. दाटपणा आणि गोडी तिथून येते. भाजलेलं बार्ली, चॉकलेट मॉल्ट, ब्लॅक मॉल्ट यांच्यातून कॉफी, कोको, करपलेली पावाची कड अशा चवी येतात. म्हणजे कॉफीचा दाणाही न घालता कॉफीची चव मुळातच असते. ही गोष्ट पक्की लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दुसरा थर बॅरलचा. अमेरिकी कायद्यानुसार बर्बन नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते. एकदा वापरलेलं पिंप बर्बनला पुन्हा चालत नाही. म्हणून ५३ गॅलनची, म्हणजे सुमारे २०० लिटरची, ही बॅरल ब्रुअरीला सहज मिळतात. शिकागोच्या गूस आयलंड या ब्रुअरीने १९९० च्या दशकात जिम बीमच्या रिकाम्या बॅरलमध्ये स्टाउट भरली आणि आज ओळखीची झालेली ही परंपरा सुरू झाली. मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सच्या फाउंडर्स ब्रुअरीने केबीएस ही कॉफी आणि चॉकलेटवाली स्टाउट त्याच वाटेने नेली. ती शहराखालच्या जुन्या जिप्समच्या खाणीत मुरते.

बॅरलच्या फळ्यांत कित्येक लिटर बर्बन मुरलेली असते. ती हळूहळू बिअरमध्ये उतरते, आठ महिने ते वर्षभरात अल्कोहोल एक ते तीन टक्क्यांनी वाढतं. बर्बनशिवाय लाकूड स्वतःचंही देतं. लाकडातलं लिग्निन तुटून व्हॅनिलाचा वास देणारं व्हॅनिलीन, ओक लॅक्टोनमधून ओल्या खोबऱ्यासारखा वास, युजेनॉलमधून लवंग, जळलेल्या थरातून धूर आणि करपलेली साखर, शिवाय टॅनिनचा तुरटपणा. गोव्यात तयार होणारी पॉल जॉन व्हिस्की तुम्ही प्यायली असेल, तर हा वास ओळखीचा वाटेल, कारण तीसुद्धा बर्बन मुरवून झालेल्या अमेरिकी ओकच्या बॅरलमध्येच मुरवली जाते. तर हेही लक्षात ठेवा: व्हॅनिलाची शेंग न घालता व्हॅनिला बॅरलमधूनच येतो.

तिसरा थर घातलेल्या पदार्थांचा, आणि तो बहुतेक वेळा बॅरलमधून काढल्यावर शेवटी येतो. व्हॅनिलाच्या शेंगा, कॉफी, कोकोचे तुकडे, खोबरं, दालचिनी, मेपल सिरप, सुक्या मिरच्या. ओक्लाहोमातल्या प्रेअरी ब्रुअरीची बॉम्ब ही स्टाउट कॉफी, चॉकलेट, व्हॅनिला आणि आँचो ही सुकी मेक्सिकन मिरची या चौघांवर उभी आहे. घरी बिअर करणारे २० लिटरला व्हॅनिलाच्या दोन-तीन शेंगा आणि ६० ते १२० ग्रॅम जाडसर भरडलेली कॉफी घालतात. कॉफी एक-दोन दिवसच ठेवायची. जास्त ठेवली की कडवट आणि गवतासारखी होते. याशिवाय काही जण लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर घालतात. बिअरचं यीस्ट ती खाऊ शकत नाही, म्हणून सगळी गोडी तशीच उरते. आजकाल 'पेस्ट्री स्टाउट' म्हणून जे विकलं जातं त्यात बहुधा ती असते. माझं स्पष्ट मत आहे की या प्रकारातल्या निम्म्या बाटल्या लॅक्टोजमुळेच बिघडतात, कारण मग खालची स्टाउट काय दर्जाची होती हे कुणालाच कळत नाही.

तयारी

बाटली आदल्या दिवसापासून फ्रिजमध्ये उभी ठेवा, आडवी नको. तळाशी यीस्टचा किंवा कोको-कॉफीचा गाळ असू शकतो, तो बसू द्या. तोंडाला मेण लावलेलं असेल तर ते मेणबत्तीने वितळवू नका. बुचाच्या खालच्या कडेने सुरीने गोल चीर द्या आणि ओपनर सरळ मेणावरून लावा. वर राहिलेले मेणाचे तुकडे ओल्या कपड्याने पुसून मगच ओता.

आता तापमान. घरच्या फ्रिजमध्ये बाटली ४ अंशांवर असते. या तापमानाला वासाचे बहुतेक घटक द्रवातून वर उठतच नाहीत. कडूपणा, तुरटपणा आणि कार्बन डायऑक्साइडचा टोचरेपणा तेवढा पुढे येतो. मग नाकाला काहीच मिळत नाही म्हणून माणूस मोठा घोट घेतो, तो घोट तोंडात गरम होतो आणि अल्कोहोल एकदम घशाशी भडकतं. तुमची जळजळ ही अशी झाली. बाटली उघडण्याआधी साधारण अर्धा तास बाहेर काढून ठेवा. २८ अंशांच्या खोलीत तेवढ्यात ती १० ते १२ अंशांवर येते. विदर्भातल्या मे महिन्यात वीस मिनिटं पुरे. चाखायला सुरुवात १० अंशांना करायची आणि शेवट १६ अंशांच्या आसपास. त्याच्या वर गेली की अल्कोहोलचा वास बाकी सगळं झाकतो, म्हणून 'खोलीच्या तापमानाला प्यावी' हा सल्ला लंडन-शिकागोच्या थंड खोलीसाठी ठीक, आपल्या खोलीसाठी नाही. स्वयंपाकघरातला साधा काडीचा थर्मामीटर असेल तर एकदा ग्लासात बुडवून बघा, अंदाज कायमचा बसतो.

ग्लास पोटाकडे रुंद आणि तोंडाकडे निमुळता हवा. ब्रँडीचा स्निफ्टर उत्तम, नसेल तर लहान वाइन ग्लास. बिअर मग नको: रुंद तोंडातून वास उडून जातो आणि जाड काच हाताची ऊब आत पोचू देत नाही. ग्लास साबणाचा वास न येईल इतका धुवा आणि हवेवर वाळू द्या. पंचाने पुसला तर पंचाचा वास राहतो. शेजारी साधं पाणी ठेवा, फार थंड नको. बर्फ आणि सोडा अजिबात नको.

६० मिली ओता. ग्लास तिरका धरून मधोमध, जरा उंचावरून. फेस कॉफीच्या रंगाचा, एक बोट किंवा त्याहून कमी येईल आणि मिनिट-दोन मिनिटांत बसेल. हा दोष नाही. इतकं अल्कोहोल फेस टिकू देत नाही, आणि या बिअरमध्ये वायूही मुद्दाम कमी ठेवतात. उलट फेस उसळून बाटलीबाहेर येत असेल तर सावध व्हा, त्याबद्दल पुढे. फेस बसला की कडेला तपकिरी तेलकट रेघा राहतात आणि ग्लास हलवला की बिअर काचेवरून सावकाश उतरते. दिसण्यातून एवढंच घ्यायचं. रंगात फार शोधू नका, काळं ते काळंच असतं.

आधी नाक

ग्लासात थेट नाक घालू नका. १४ टक्क्यांचं अल्कोहोल दोन दीर्घ श्वासांत नाक बधिर करतं. ग्लास हनुवटीच्या पातळीवर धरा, तोंड किंचित उघडं ठेवा आणि दोन-तीन छोटे श्वास घ्या. या अंतरावर जे येतं ते सगळ्यात हलकं: घातलेली व्हॅनिला, कॉफीचा ताजा वास, बर्बनची झाक. मग ग्लास ओठांजवळ आणा. इथे खोबरं, करपलेली साखर, लवंग, म्हणजे बॅरल. मग ग्लास हळू फिरवा, तळव्याने अर्धा मिनिट झाकून ठेवा आणि पुन्हा घ्या. आता खालचा थर वर येतो: काकवी, खारीक, काळ्या मनुका, सुकं अंजीर, भाजलेलं धान्य. मध्ये नाक थकलं तर स्वतःच्या मनगटाचा वास घ्या. कॉफीच्या बिया हुंगायची पद्धत इथे निरुपयोगी आहे, कारण कॉफीच तर शोधायची आहे.

घातलेला व्हॅनिला आणि बॅरलमधला व्हॅनिला वेगळा ओळखता येतो. बॅरलमधला एकटा येत नाही. त्याच्याबरोबर खोबरं आणि जळलेलं लाकूड असतंच, आणि तो घोटाच्या शेवटी जाणवतो. शेंगेचा व्हॅनिला सुरुवातीलाच, लांबून येतो आणि त्यात थोडा सुक्या फळांचा, थोडा चामड्याचा वास असतो. नुसता गोड, सपाट, आइस्क्रीमच्या दुकानाबाहेर येतो तसा एकसुरी वास असेल तर बहुधा कृत्रिम व्हॅनिलीन किंवा हलक्या दर्जाचं इसेन्स आहे.

कॉफीचंही तसंच. मॉल्टमधली कॉफी जिभेवर आणि मागे येते, कोरडी आणि करपट. घातलेली कॉफी नाकात येते आणि तिला स्वतःचा आंबटसरपणा, कधी फळांचा गंध असतो. कॉफीऐवजी ढोबळी मिरचीचा हिरवा वास आला तर बिअर जुनी झाली आहे, किंवा कॉफी नीट भाजलेली किंवा ताजी नव्हती. हा दोष कॉफी स्टाउटमध्ये फार आढळतो आणि एकदा ओळखला की प्रत्येक वेळी पकडता येतो.

घोट, आणि नाक दाबून घोट

पहिला घोट अगदी लहान, चमचाभर. त्यावरून काही मत बनवू नका. तो फक्त तोंडाला अल्कोहोलची सवय करून देण्यासाठी आहे. तो गिळून अर्धा मिनिट थांबा. दुसरा घोट दोन चमचे, जिभेवर सगळीकडे फिरवा, चार-पाच सेकंद ठेवा, गिळा आणि तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. बिअरमध्ये थुंकण्याची पद्धत नाही, आणि त्याला कारण आहे: कडूपणाचा बराच भाग गिळल्यावरच घशाशी कळतो, आणि या श्वासात बॅरलचा थर सगळ्यात स्पष्ट येतो.

तिसरा घोट नाक दाबून घ्या. चिमटीत नाक धरा, घोट घ्या, तोंडात फिरवा, गिळा, आणि तीन सेकंदांनी चिमटी सोडा. या एका कृतीतून जितकं कळतं तितकं बाकी सगळ्या वर्णनांतून कळत नाही. व्हॅनिला, खोबरं, दालचिनीचा गंध, कॉफीचा दरवळ हे सगळे नाकाचे विषय आहेत, जिभेचे नाहीत. नाक दाबलं की ते पूर्ण बंद होतात. जिभेवर उरतं ते फक्त गोड, कडू, आंबट, तुरट, दाटपणा आणि अल्कोहोल किंवा मिरचीची आग. तुमच्या 'अति गोड' या तक्रारीचा निकाल इथेच लागतो. नाक दाबल्यावर गोडी निम्म्याने कमी झाली, तर बिअर खरं म्हणजे तेवढी गोड नाही. व्हॅनिला मेंदूला गोडीचा भास देतो. नाक दाबूनही जीभ गोडाने चिकटली, तर खरोखर साखर किंवा लॅक्टोज जास्त आहे आणि तिला तोलायला भाजल्याचा कडूपणा कमी पडला आहे. तसंच कॉफीचं: नाक दाबल्यावर कडूपणा टिकून राहिला तर मॉल्टचा आणि हॉप्सचा (बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांचा) आधार चांगला आहे. सगळंच गायब होऊन पाणचट गोड उरलं, तर ती बिअर अत्तराच्या जोरावर उभी आहे.

तोल बघताना गोडीसमोर काय काय उभं आहे ते मोजा: भाजलेल्या मॉल्टचा कडूपणा, हॉप्सचा कडूपणा, ओकचा तुरटपणा, अल्कोहोलची ऊब. चांगल्या स्टाउटमध्ये घोट गोड सुरू होतो, मध्यावर कोको आणि सुकी फळं येतात आणि शेवट कोरडा, किंचित तुरट होतो. असं झालं की पुढचा घोट हवासा वाटतो. तुरटपणा कच्चं केळं खाल्ल्यासारखा हिरड्यांना धरून राहिला तर बिअर बॅरलमध्ये जास्त दिवस राहिली आहे. शेवट राख चघळल्यासारखा असेल तर ब्लॅक मॉल्ट जास्त झालं आहे. छातीत ऊब येणं योग्य. घशात ओरखडे आणि नाकात स्पिरिटचा झणका, तोही १४ अंशांना, हा आंबवताना तापमान हाताबाहेर गेल्याचा दोष आहे.

मग ग्लास तळव्यात धरून दहा मिनिटं थांबा आणि हेच पुन्हा करा. दहा, तेरा, सोळा अंश अशा तीन टप्प्यांवर प्रत्येकी दोन ओळी लिहून ठेवा. घातलेले पदार्थ थंडपणी पुढे असतात आणि बॅरल ऊब चढल्यावर पुढे येतं. दोघांमध्ये मूळ स्टाउट कुठे सापडते ते शोधा. तीनही टप्प्यांवर व्हॅनिलाशिवाय दुसरं काही लिहिता आलं नाही, तर घालणाऱ्याचा हात सैल सुटला असं खुशाल समजावं. गुण द्यायची हौस असेल तर बिअर परीक्षकांच्या बीजेसीपी या अमेरिकी संस्थेची ५० गुणांची पद्धत सोपी आहे: वास १२, रूप ३, चव २०, तोंडातला पोत ५, एकूण परिणाम १०. रूपाला तीनच गुण आहेत ते योग्यच आहे.

आंबट लागली, ती कुठून?

पहिली जागा भाजलेलं मॉल्ट. काळं भाजलेलं धान्य स्वभावतः आम्लधर्मी असतं. हा आंबटपणा लहानसा, कोरडा, घोटाच्या मध्यावर येऊन लगेच जातो आणि थंडपणी जास्त जाणवतो. बिअर गरम होत गेली की गोडी उमलते आणि तो मागे सरतो.

दुसरी जागा कॉफी. हलकी भाजलेली इथिओपिया किंवा केनियाची कॉफी वापरली असेल तर लिंबू, बेरीसारखा आंबटपणा येतोच. त्याची खूण म्हणजे तो कॉफीच्या वासाला चिकटून येतो. लेबलवर कॉफीचा देश लिहिलेला असेल तर बघून घ्या.

तिसरी जागा जिवाणू. लाकूड सच्छिद्र असतं, उकळून निर्जंतुक करता येत नाही, आणि इतकं अल्कोहोल सगळ्याच जिवाणूंना मारत नाही. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण गूस आयलंडचंच. त्यांच्या २०१५ च्या बर्बन काउंटी या बॅरलमध्ये मुरवलेल्या बिअरच्या मालिकेतल्या काही बिअर आंबट निघाल्या, लॅक्टोबॅसिलस अ‍ॅसिटोटॉलरन्स हा जिवाणू सापडला, कंपनीने ग्राहकांना पैसे परत केले आणि २०१६ च्या बाटल्यांपासून ही बिअर पाश्चराइझ करायला सुरुवात केली. या आंबटपणाची चाल पहिल्या दोघांच्या उलट असते. बिअर गरम होत गेली की तो वाढतो, घोटाच्या शेवटी रेंगाळतो आणि नाक दाबूनही जिभेच्या कडांना चावतो. सोबत बिअर पातळ वाटते, कारण जिवाणू दाटपणा देणारी साखर खातात. वायू वाढलेला असतो, म्हणून उघडताना फेस उसळतो. वास दह्याच्या निवळीसारखा, किंवा काही वेळा चेरीसारखा येतो. व्हिनेगरचा झोंबरा वास आला तर तो अ‍ॅसिटिक जिवाणूंचा, आणि त्यांना हवा लागते, म्हणजे बॅरल नीट भरलेलं नव्हतं किंवा गळत होतं. नेलपॉलिश काढायच्या द्रवाचा वास त्याचाच भाऊबंद.

म्हणून दुसरी बाटली उघडाल तेव्हा दहा अंशांना आणि सोळा अंशांना, दोन्ही वेळा नाक दाबून एकेक घोट घ्या. आंबटपणा घटला तर मॉल्ट, कॉफीच्या वासासोबत आला-गेला तर कॉफी, वाढला तर बिघाड. तुम्ही वर्णन केलंय त्यावरून, म्हणजे थंडपणी, शेवटी आणि 'थोडी', पारडं मॉल्टकडे झुकतं. पण 'शेवटी' हा शब्द मला खटकतो, म्हणून ही परीक्षा चुकवू नका. बिघडलेली निघाली तरी ती विषारी नसते, फक्त प्यायच्या लायकीची उरत नाही. बाटलीचा बॅच आणि तारीख टिपून ब्रुअरीला कळवा.

बाकी दोषांपैकी दोनच सांगण्यासारखे. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे बाटलीत हवा राहिली किंवा बाटली उन्हातान्हात तापली. सोया सॉसचा खारट वास म्हणजे मेलेलं यीस्ट फुटून बिअरमध्ये उतरलं. जुन्या, गरम जागी ठेवलेल्या बाटल्यांत हा हमखास असतो. मनुका, खजूर, शेरी या स्पॅनिश वाइनकडे झुकणारा वास मात्र थोडा असेल तर वयाचा चांगला परिणाम मानतात.

दुसरी बाटली उघडण्याआधी एक संध्याकाळ सराव

महागाची बाटली शिकण्यात घालवू नका. साधी, काही न घातलेली स्टाउट घ्या. गिनेस फॉरेन एक्स्ट्रा मिळाली तर उत्तम, नाहीतर मुंबई-पुण्याच्या एखाद्या ब्रूपबमधली, म्हणजे स्वतःची बिअर करणाऱ्या पबमधली, साधी स्टाउट चालेल. चार ग्लासांत १००-१०० मिली ओता. पहिला तसाच ठेवा. दुसऱ्यात १० मिली व्होडका, तिसऱ्यात १० मिली बर्बन घाला. चौथ्यात खऱ्या व्हॅनिला अर्काचे एक-दोन थेंब. पाचवा ग्लास हवा असेल तर १०० मिलीत पाव ते अर्धा चमचा पांढरं व्हिनेगर. दुसरा आणि तिसरा ग्लास शेजारी ठेवून प्या: दोन्हींत अल्कोहोल जवळपास सारखंच वाढलं आहे, पण तिसऱ्यात जे जास्तीचं आहे ते लाकूड. चौथा नाक दाबून आणि नाक सोडून प्या, व्हॅनिलाची खोटी गोडी लगेच कळेल. पाचवा फक्त जिभेला लावा. या सरावानंतर वर लिहिलेलं सगळं शब्दांपलीकडे जाऊन कळतं. प्रत्येक ग्लासातून दोन-तीन घोट पुरेत, सगळं संपवायचं नाही.

चाखत असताना चखणा नको. तिखट शेव, चिवडा, तंदुरी काहीही असलं तरी मिरचीची आग आणि अल्कोहोलची आग एकमेकांना भडकवतात आणि व्हॅनिला मरतो. चाखणं संपून पिणं सुरू झालं की मीठ किंवा चरबी असलेलं काहीतरी घ्या: ब्लू चीज, खारे नसलेले अक्रोड, ७० टक्के कोकोचं चॉकलेट. बिअर फार गोड नसेल तर बेबिंकाची पातळ चकती छान लागते, तिच्यातलं नारळाचं दूध आणि जायफळ बॅरलच्या खोबऱ्याशी आणि लवंगेशी जुळतं. बिअर आधीच गोड असेल तर गोडावर गोड नको, तिथे चीजच बरं.

किती दिवस ठेवायची

काही न घातलेली बॅरल-एज्ड स्टाउट १०-१३ अंशांना तीन ते पाच वर्षं छान मुरते. तुमची त्यातली नाही. घातलेल्या पदार्थांचं आयुष्य वेगळं आणि लहान असतं. कॉफीचा ताजेपणा तीन ते सहा महिन्यांत जातो आणि मग ढोबळी मिरची डोकावायला लागते. खोबऱ्याचं तेल लवकर खवट होऊन साबणासारखी चव देतं. व्हॅनिला वर्षभरात मंदावतो. मिरचीची आग उतरते, कोको आणि दालचिनी त्यामानाने टिकतात. म्हणून व्हॅनिला-कॉफीची बाटली 'मुरू दे' म्हणून ठेवण्यात अर्थ नाही. ब्रुअरीने ती मुरवूनच दिली आहे. भरल्याची तारीख बघा आणि सहा महिन्यांच्या आत उघडा. तोवर फ्रिजमध्येच, उभी, दारात नव्हे तर आतल्या बाजूला. आपल्याकडे माळ्यावर किंवा कपाटात उन्हाळ्यात ३५-४० अंश होतात, आणि तिथे एका उन्हाळ्यात बाटलीचं जे होतं ते थंड तळघरात कित्येक वर्षांत होत नाही. मेणावर भरवसा ठेवू नका, त्याने हवा पूर्ण अडत नाही.

भाऊ पुढच्या वेळी आणणार असेल तर बाटल्या चेक-इन बॅगेत, कपड्यांत गुंडाळून आणि वर प्लॅस्टिकची पिशवी बांधून. भारतात येताना माणशी दोन लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येतं, म्हणजे या मापाच्या चार बाटल्या. त्याला सांगा की एक व्हॅनिला-कॉफीची आण आणि एक त्याच ब्रुअरीची काही न घातलेली. दोन्ही शेजारी ठेवून ३०-३० मिली चाखल्या की तिसरा थर कुठे सुरू होतो ते रेघ मारून दाखवल्यासारखं कळतं.

उघडलेली बाटली एका बैठकीत संपवायलाच हवी असं नाही. उरलेली बिअर छोट्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरा, हवा राहू देऊ नका, घट्ट झाकण लावा आणि फ्रिजमध्ये ठेवा. वायू आधीच कमी असल्यामुळे दुसऱ्या दिवशी फारसा फरक पडत नाही, बर्बनचा झणका थोडा बसलेला असतो आणि काही बिअर त्यामुळे अधिक चांगल्या लागतात. दोन दिवसांच्या पुढे मात्र नको.